पहिल्या फेरीतल्या बायका

जिंकणाऱ्या टीमच्या कपाटात कप साठतात. आमच्या टीमकडं कपाटच नाही, त्यामुळं जे काही आहे ते डोक्यात साठत जातं. चारजणी चहाला बसल्या की एकजण सुरू करते, "ते आठवतंय का गं...", आणि चहा गार होतो.

मागं एक तरुण पत्रकार माझ्या दुकानात आला. महिलांच्या राष्ट्रीय क्लब फुटबॉल स्पर्धेवर त्याला लेख लिहायचा होता आणि आमच्या भागातून तिथं जाणारी टीम आमची. "ताई, या स्पर्धेतला तुमच्या क्लबचा इतिहास सांगा," म्हणाला. मी मशीनवर होते, साडीला फॉल लावत होते. म्हटलं, "इतिहास छोटा आहे. गेलो, खेळलो, आलो." त्यानं तेवढंच छापलं. तेव्हापासून वाटत होतं, उरलेलं आपणच कुणाला तरी सांगून टाकावं.

तर मी सुरेखा. कोल्हापुरात शिवाजी पेठेत फॉल-पिकोचं दुकान आहे. एकेकाळी गोलकीपर होते, आता मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे जर्सीवर नंबर शिवायचे, पोरींच्या घरच्यांशी भांडायचं आणि प्रवासात सगळ्यांची आधारकार्डं छातीशी धरून झोपायचं. टीम पेठेतल्या एका तालमीची; आमच्याकडं कुस्तीच्या तालमीच फुटबॉलच्या टीमही चालवतात. तालमीत बायकांनी जायचं नाही असा जुना रिवाज, म्हणून आमच्या मीटिंगा तालमीच्या पायरीवर होतात. आम्ही बाहेर, कमिटी आत, मध्ये उंबरा. मारुतीरायाची काही हरकत असेल असं मला वाटत नाही. कमिटीची आहे.

आणि ही स्पर्धा नॉकआउट, म्हणजे बाद पद्धतीची. एक मॅच हरली की सामान उचलून घरी. आम्ही दरवर्षी एक मॅच खेळायचो.

हसून सोडून दिलं असतं, पण आमच्या कॅप्टनचं, वैशालीचं, सगळं त्या एका मॅचवर अडलं होतं. वैशाली आमची स्टॉपर, म्हणजे गोलच्या पुढं उभी राहून येईल त्याला अडवणारी. माहेर पेठेतलं, सासर कबनूरला, घरचे यंत्रमाग. पोरगं रांगायला लागल्यावर तिनं पुन्हा बूट बाहेर काढले, तेव्हा तिच्या सासूबाईंनी तिला समोर बसवलं. वैशाली त्यांना आत्ती म्हणते, म्हणून अख्खी टीम त्यांना आत्तीच म्हणते. त्यांचं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलंय. त्यामुळं समोर बसलेल्या माणसाशीही त्या पलीकडच्या गल्लीतल्या माणसाशी बोलावं तशा बोलतात.

"नॉकआउट म्हंजे काय गं?"

"बाद पद्धत, आत्ती."

"आमचं कापड बाद झालं की व्यापारी परत लावून देतोय. तुमचंबी तसंच म्हण की."

"तसंच."

"मग ऐक. त्या बादच्या खेळात एक मॅच जिंकून ये. एकच. मग मी जित्ती हाय तवर तुला कोण अडवत न्हाय. पोरगं पहिलीला जाईतोवर वाट बघतो. न्हाय जमलं तर बूट माळ्यावर."

पोरगं तेव्हा रांगत होतं. वैशाली मला म्हणाली, "ताई, लई येळ हाय. एक मॅच काय, सहज मारतो." तिला फुटबॉल म्हणजे काय ते सगळं ठाऊक होतं. आमची टीम काय आहे ते विसरली होती.

*

पहिल्या वर्षी विषय निघाला तिकिटांचा. तालमीचे अध्यक्ष आबा. जुने पैलवान, कान चपटे, आवाज खर्जातला. त्यांनी आतून विचारलं, "जायाचं तिकीट काढलंय. यायाचं कवाचं काढू?"

मी पायरीवरून म्हटलं, "आबा, ते मॅचवर आहे. हरलो तर त्याच दिवशी निघायचं, जिंकलो तर पुढं राहायचं."

आबांनी मिशीवरून बोट फिरवलं. विचार केला. "मग त्याच दिवसाचं काढतो. रिझर्व्हेशन परत घावत न्हाय."

पोरी रागावल्या, पण तिकीट निघालं होतं. दुपारची मॅच, संध्याकाळची गाडी. आधीची मॅच टायब्रेकरपर्यंत ताणली आणि आमची उशिरा सुरू झाली. आम्ही तीन गोल खाल्ले होते, ऊन उतरत होतं आणि वैशाली दर थोड्या वेळानं रेफ्रीकडं पळत जाऊन विचारत होती, "सर, कितना टाइम बाकी?" चेंडू बाहेर गेला की ही स्वतः धावत जाऊन आणून द्यायची. समोरच्या टीमला फेकायचा असला तरी आणून द्यायची.

मॅच संपल्यावर रेफ्री मुद्दाम आमच्या बाकापाशी आले. वैशालीचा हात हातात घेऊन आमच्या सगळ्यांना म्हणाले, "तीन गोल खाने के बाद भी ये लडकी टाइम पूछ रही थी. इसको जज्बा बोलते हैं."

वैशाली लाजली. म्हणाली, "जज्बा नहीं सर. गाडी है."

त्या दिवशी आमच्या पोरी स्टडचे बूट घालूनच फलाटावर धावल्या. खडखडाट ऐकून हमाल बाजूला झाले.

*

पुढच्या वर्षी एका मोठ्या शहरात गेलो होतो. सगळ्या टीम एकाच होस्टेलवर. आमच्या शेजारच्या खोलीत जी टीम होती तिचे मॅनेजर मराठी जाणणारे होते. सकाळी दारावर थाप पडली. दारात होस्टेलची वॉर्डन, स्पर्धेचे दोन अधिकारी आणि मागं ते मॅनेजर.

"तुमच्या खोलीत पुरुष राहतात अशी तक्रार आहे," एक अधिकारी मराठीत म्हणाले.

मी म्हटलं, "बघा की आत येऊन."

मॅनेजर म्हणाले, "मी स्वतः ऐकलंय. कुणीतरी म्हणत होतं, मी आंघोळीला जातो. दुसरा म्हणाला, मी कापडं बदलून आलो."

आता मला उलगडलं. आमच्या पोरी 'मी जाते, मी येते' म्हणत नाहीत. कोल्हापुरात बाई बोलायला लागली की 'मी जातो, मी येतो' असंच. मी इथं लिहिताना 'गेले, आले' लिहितेय ते तुम्ही लोक वाचणार म्हणून. दुकानात गिऱ्हाइकाला मीसुद्धा 'चहा पिऊन येतो' म्हणूनच जाते.

हे सगळं मी समजावून सांगितलं. अधिकाऱ्यांना पटेना. "म्हणजे तुमच्याकडं बायका पुरुषांसारखं बोलतात?"

वैशाली आतून केस पुसत आली. "पुरुषांसारखं कशाला बोलू सर? पुरुषच आमच्यासारखं बोलत्यात."

एवढं बोलून थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिला वाटलं, पुरावा द्यावा. तिनं कबनूरला फोन लावला, आत्तींना म्हणाली, "मी बाई हाय का ते हे साहेब ईचारायला लागल्यात," आणि फोन सरळ अधिकाऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि लगेच हातभर लांब धरला. त्यामुळं आम्हां सगळ्यांनाच ऐकू आलं.

"पावणं, सून हाय माझी. तिची भाकरी बघून मलाबी कवाकवा शंका येती, पर बाईच हाय."

तक्रार तिथंच मिटली. मॅच त्याच मॅनेजरांच्या टीमशी होती. चार गोलांनी हरलो. वैशाली गाडीत खिडकीशी बसून म्हणाली, "ताई, पोरगं चालाय लागलं." तिच्या आवाजात पोराचं कौतुक होतं आणि धास्तीही होती.

*

एकदा तर आम्ही दुसऱ्या फेरीत पोचलो. कसं ते ऐका.

स्पर्धेच्या ऑफिसात आबांचा नंबर दिलेला होता. त्यांना फोन आला. त्यांनी आम्हांला पायरीवर बोलावलं आणि उंबऱ्याच्या आतून जाहीर केलं, "पहिल्या फेरीत आपल्याला बाय मिळालीया."

पोरी नाचायलाच लागल्या. मीही खूश झाले. आबांच्या बोलण्यातल्या 'मिळालीया'कडं माझं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात निरोप आला, तालमीपाशी या. गेले तर पायरीवर ताट. ताटात नारळ, खण, तांदूळ, हळदीकुंकू. आबांच्या बायको नवी साडी नेसून उभ्या. आबा रस्त्याकडं डोळे लावून बसलेले.

"कुठल्या गाडीनं येणार हाय?" त्यांनी मला विचारलं.

"कोण?"

"ती बाय. आपल्याला मिळालेली. आपल्या पोरी कमी पडत्यात म्हणून वरनं दिली असणार. परक्या गावची बाय, पहिल्यांदा दारात येणार, ओटी भराय नको?"

मी पायरीवर बसून सांगितलं. बाय म्हणजे बाई नव्हे. बाय म्हणजे चिठ्ठ्यांत आपल्याला पहिल्या फेरीला कुणी समोर आलंच नाही, म्हणून आपण न खेळताच दुसऱ्या फेरीत.

आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे कोणच येणार न्हाय?"

"नाही."

"मग ही ओटी?"

आबांच्या बायकोनं प्रश्न सोडवला. भरलेलं ताट परत न्यायचं नाही म्हणून त्यांनी माझीच ओटी भरली. मी त्या वर्षी मॅनेजर म्हणून गेले ती माहेरवाशीण होऊन.

पण खरी गंमत पुढं. दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. 'राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या फेरीत धडक! हार्दिक अभिनंदन!' मधोमध आबांचा हात जोडलेला फोटो, दोन्ही बाजूंना काळे चष्मे घातलेली कमिटी, त्यांच्याखाली कमिटीतल्यांची मुलं, आणि अगदी कोपऱ्यात आमच्या टीमचा फोटो. फ्लेक्स विजेच्या खांबाला बांधला होता आणि सुतळी नेमकी आमच्या तोंडावरून गेली होती. अकरांपैकी पिंकी तेवढी दिसत होती, कारण ती गोलकीपर आणि उंच.

दुसऱ्या फेरीतल्या मॅचला आम्ही गेलो, खेळलो, आलो. फ्लेक्स मात्र बरेच दिवस तसाच. आत्ती अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापुरात आल्या होत्या, तेव्हा वैशालीनं मुद्दाम त्यांना त्या चौकातून नेलं. मनात आशा होती. आत्तींनी कमरेवर हात ठेवून फ्लेक्स वाचला.

"दुसऱ्या फेरीत गेलतीस, व्हय?"

"व्हय की आत्ती."

"पहिली कुणासंगं खेळलासा?"

वैशाली खोटं बोलत नाही. तिनं बाय म्हणजे काय ते सांगितलं.

"माग न चालवता कापड निघालं म्हंतीस व्हय?" आत्ती म्हणाल्या. "ही मी धरत न्हाय."

*

खर्ड्याचं थोडक्यात सांगते.

एका वर्षी समोरची टीम पार दुसऱ्या टोकाच्या राज्यातली. छोट्या चणीच्या, हसऱ्या पोरी, आमची भाषा त्यांना येईना, त्यांची आम्हांला. मॅचच्या सकाळी मेसमध्ये समोरासमोर बसलो. आमच्याकडं घरची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. पाहुण्यांना न विचारता खायचं कसं म्हणून पिंकीनं त्यांच्या ताटांत वाढला. भरपूर वाढला. त्यांनी भाजी समजून चमच्यानं खाल्ला.

जे झालं ते झालं. पाण्याची पिंपं रिकामी झाली. त्यांचे कोच धावत आले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, लोक म्हणणार कोल्हापूरवाल्यांनी मुद्दाम केलं. कमिटीतले एकजण सोबत आले होते ते मात्र माझ्या कानात म्हणाले, "ताई, देवच पावला. आता त्या काय पळत्यात?"

त्या पळाल्या. अशा पळाल्या की आमच्या पोरींना नुसता वारा लागत होता. पाच गोल झाले आणि प्रत्येक गोलनंतर त्या पाण्यापाशी पळत जायच्या, पिऊन तशाच पळत परत यायच्या.

पुढच्या वर्षी त्यांची टीम मेसमध्ये आमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. त्यांच्या कॅप्टननं पिंकीला खुणेनं विचारलं, ते हिरवं आहे का.

*

आत्तींनी वैशालीची मॅच प्रत्यक्ष पाहिली ती एकदाच. पेठेतल्या मैदानावर मंगळवार पेठेच्या पोरींशी सरावाची मॅच होती. आत्ती नातवाला घेऊन लाइनीजवळ खुर्ची टाकून बसल्या. मी शेजारी.

वैशालीनं एक उंच आलेला चेंडू डोक्यानं मारला. आत्ती माझ्याकडं वळून म्हणाल्या, "डोकं वापरतीय बघा. घरात कवा वापरत न्हाय." पण बोलताना त्यांनी नातवाला वर उचलून धरलं होतं, त्याला आई नीट दिसावी म्हणून. हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

थोड्या वेळानं मंगळवार पेठेच्या एका दांडग्या पोरीनं वैशालीला खांद्यानं ढकललं. वैशाली आडवी. मी उठायच्या आत नातू माझ्या मांडीवर आणि आत्ती मैदानात. पदर खोचलेला.

"ए पोरी! माझ्या सुनंला ढकलतीस?"

"आवं मावशी, खेळात व्हतंय," पोरगी म्हणाली.

"तिला बोलायचं, ढकलायचं, ते मी बघतो. तुझं काय काम?"

रेफ्री म्हणून आमच्या पेठेतलेच एक शाळामास्तर उभे होते. नियमाला कडक माणूस. ते धावत आले आणि त्यांनी खिशातून लाल कार्ड काढून आत्तींसमोर धरलं.

आत्तींचा चेहरा एकदम निवळला. त्यांनी कार्ड मास्तरांच्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. "कुणाचं लगीन?"

मास्तर म्हणाले, "लग्न नाही मावशी. लाल कार्ड दाखवलं म्हणजे मैदानाबाहेर जायचं."

"मग तसं तोंडानं सांगा की. पत्रिका कशाला?"

त्या आल्या आणि खुर्चीवर बसल्या. कार्ड त्यांनी परत दिलंच नाही, मास्तरांचीही मागायची छाती झाली नाही. मॅच संपल्यावर वैशाली घाम पुसत आली तेव्हा त्यांनी तिच्या गुडघ्यावरची माती झटकली. मग नेहमीच्या आवाजात, म्हणजे मैदानाच्या त्या टोकाला कळेल अशा आवाजात, म्हणाल्या, "जूनमधी पोरगं पहिलीला. ही शेवटची खेप. शब्द म्हंजे शब्द."

वैशालीनं मान हलवली. मला वाटलं होतं, आज तरी त्या अट सोडतील. पण मागवाल्या घरात एकदा ठरलेलं माप बदलत नाहीत. आणि खरं सांगायचं तर वैशालीलाही ते दयेनं नको होतं.

*

त्या शेवटच्या खेपेला आम्ही कोच आणला.

थॉमस सर केरळचे. एकेकाळी चांगलं फुटबॉल खेळलेले. त्यांच्या जावयाचं इथं टायरींचं दुकान, म्हणून ते उतारवयात कोल्हापुरात येऊन राहिले होते. आबा टायर बदलायला गेले आणि कोच घेऊन आले. सर मराठी अजिबात बोलत नसत, हिंदी बेताचं. मुळात माणूसच कमी बोलणारा. सरावाला ते गळ्यात शिट्टी अडकवत. एक शिट्टी म्हणजे पुढं, दोन म्हणजे मागं, लांब शिट्टी म्हणजे थांबा. बाकी सगळं फळ्यावर खडूनं काढून दाखवत आणि मी ते पोरींना पेठेच्या भाषेत सांगत असे.

वैशालीला सांगायचं एकच होतं. समोरच्या टीमची नऊ नंबर फार चलाख, तिला एकटी सोडायची नाही. सरांनी फळ्यावर इंग्रजीत 'मार्किंग' असं लिहिलं. मी सांगितलं, "वैशाली, नऊ नंबर धर. ती पाण्याला गेली तरी मागनं जा." सरावात नऊ नंबर पिंकीच्या बहिणीला दिला होता. ती खरंच पाणी प्यायला गेली, तर वैशाली बाटलीपर्यंत मागोमाग. बाटली पुढं केली तर वैशाली म्हणाली, "मला न्हाय पायजे. मी तुला धरलंय." सर ते बघून पहिल्यांदा हसले.

मॅचच्या दिवशी मात्र अडचण आली. मॅचमध्ये शिट्टी फक्त रेफ्रीची. सरांची शिट्टी काढून घेतली. आयुष्यभर शिट्टीवर काम केलेल्या माणसाला त्या दिवशी तोंड उघडावं लागलं. आणि सर ओरडायला लागले की प्रत्येक अक्षर सुटं करून, शेवटचं अक्षर लांबवून ओरडत. आमच्या बाकावरच्या पोरी चमकून बघायला लागल्या.

समोर आदल्या वर्षी सेमीफायनल खेळलेली टीम. आम्हांला वाटलं, हाफटाइमपर्यंत तीन-चार बसतील. एकही बसला नाही. पिंकीनं दोन चेंडू कसे अडवले ते तिलाही सांगता येत नाही. वैशाली नऊ नंबरला अशी चिकटली होती की ती बिचारी रेफ्रीकडं बघून हात पसरायची. दुसरा हाफ संपत आला तरी शून्य-शून्य. मला मॅच दिसतच नव्हती, मला ते कबनूरच्या घरातलं माळ्याचं दार दिसत होतं.

मग ते झालं. त्यांच्या एका पोरीनं त्यांच्या गोलपुढून चेंडू जोरात दूर काढला, तो घरंगळत मैदानाच्या मध्यावर वैशालीच्या पुढ्यात आला. त्याच क्षणी तिच्या मागून नऊ नंबर सुटली, एकटी, मोकळी. सरांनी ते बघितलं. ते लाइनीपर्यंत धावले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जीव खाऊन ओरडले.

"वैशाली! मारकिंग! मारकिंग!"

वैशालीनं एकदा सरांकडं बघितलं. एकदा चेंडूकडं. नऊ नंबरकडं बघितलंच नाही. आणि दोन पावलं मागं घेऊन तिनं जो काही चेंडू हाणला!

सरांनी कपाळावर हात मारला आणि ते खालीच बसले. चेंडू वर, आणखी वर गेला. त्यांची गोलकीपर गोल सोडून बरीच पुढं आली होती. ती उलट्या पावलांनी पळायला लागली. चेंडूचा तिच्या पुढ्यात टप्पा पडला, तो तिच्या डोक्यावरून उडाला आणि आत गेला. सरांनी गोल बघितलाच नाही. आम्ही सगळ्या त्यांच्या अंगावर पडलो तेव्हा त्यांना समजलं.

उरलेली मिनिटं कशी गेली ते मला विचारू नका. शेवटची शिट्टी झाली आणि मी मैदानातच बसून रडले. मॅनेजरनं रडू नये असं म्हणतात, पण मी रडले, मोठ्यानं रडले.

वैशालीनं बूटसुद्धा न काढता फोन लावला. मी तिच्याशेजारीच होते, आणि आत्तींचा फोन ऐकायला शेजारी असायचीही गरज नसते. पलीकडं मागांचा खडखडाट चालला होता.

"आत्ती, जिंकलो!"

"खेळून का न खेळता?"

"खेळून, आत्ती. गोल मीच मारला."

पलीकडून नुसता खडखडाट. मग तोही थांबला. वैशाली मला नंतर म्हणाली, लग्न झाल्यापासून कुणाच्या फोनसाठी आत्तींनी माग बंद केलेला तिला ठाऊक नव्हता.

"आता परत सांग," आत्ती म्हणाल्या. पहिल्यांदाच हळू आवाजात.

वैशालीनं परत सांगितलं.

"बरं. पोराच्या शाळंचं मी बघतो. म्होरली मॅच कवा हाय?"

वैशालीनं फोन ठेवला आणि डोळे पुसत सरांच्या पाया पडायला गेली. सरांनी तिला उठवलं, पण त्यांच्या डोक्यातला घोळ अजून गेला नव्हता. ते मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाले, हिला विचार, मी घसा फुटेस्तोवर मार्किंग म्हणून ओरडत होतो, नऊ नंबरला मोकळी सोडून हिनं चेंडू का मारला?

मी वैशालीला विचारलं.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "का म्हंजे? ताई, सरच वरडालते की मगापासनं. वैशाली, मार की गं! मार की गं!"

सरांनी माझ्याकडं बघितलं. "क्या बोली?"

मी म्हटलं, "सर, बोल रही है, आपने जैसा बोला वैसाच किया."